कॅल्गरीच्या मुलांचे दात

कॅनडातल्या कॅल्गरी शहराने २०११ साली नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले. त्याच प्रांतातल्या एडमंटनने चालू ठेवले. सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले, तेव्हा दुधाचे दात किडलेली मुले कॅल्गरीत सुमारे ६५ टक्के निघाली, एडमंटनमध्ये ५५. टूथपेस्ट असताना पाण्यात कशाला, हा आक्षेप इथे लंगडा पडतो. टूथपेस्ट दोन्हीकडे होतीच. आम्लाने झिजलेल्या दाताच्या कवचावर लाळेतले कॅल्शियम पुन्हा बसायला फ्लोराइड मदत करते, आणि पाणी तर गरिबाचे मूलही पिते. अतिरेकाची भीती मात्र रास्त आहे: यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातले जादा फ्लोराइड दात डागाळते, तिथे ते पाण्यातून काढायलाच हवे. पण कॅल्गरीने २०२५ मध्ये पुन्हा सुरू केलेली मात्रा लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाच्या १ मिलिग्रॅमच्या मर्यादेहूनही कमी.