राखीव सागरक्षेत्रातील मासे : निवारा आणि भक्षक

समुद्राचा एखादा भाग मासेमारीस बंद केला की तेथील सर्व मासे सारखेच वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी होय. कोणता मासा वाढेल व कोणता घटेल, हे त्यास मिळणारा निवारा आणि त्यास खाणारे प्राणी या दोहोंवर अवलंबून असते. न्यूझीलंडमधील ली येथील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

न्यूझीलंडने १९७१ साली सागरी राखीव क्षेत्रांचा कायदा केला. ऑकलंड विद्यापीठाच्या ली येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ बिल बॅलंटाइन यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर १९७५ साली त्या देशातील पहिले राखीव क्षेत्र येथे स्थापन झाले. स्थापनेच्या वेळी हा पट्टा किनाऱ्यालगत सुमारे ५ किलोमीटर लांब व समुद्रात सुमारे ८०० मीटर रुंद होता.

तत्पूर्वी तेथे स्नॅपर मासा व शेवंड यांची फार पकड झाली होती. हे दोघेही सी-अर्चिन नावाचा काटेरी, गोल प्राणी फोडून खातात. मोठे अर्चिन फोडण्याचे बळ मात्र मोठ्या भक्षकांतच असते. ते नाहीसे होताच अर्चिन माजले आणि त्यांनी केल्प या मोठ्या सागरी शेवाळाची राने खाऊन खडक उघडे पाडले. मासेमारी थांबल्यावर भक्षक वाढले, अर्चिन घटले व केल्पची राने पुन्हा उभी राहिली. या पालटास दशके लागली.

याची दुसरी बाजूही आहे. खडकांच्या आश्रयाने राहणाऱ्या काही लहान माशांची संख्या राखीव क्षेत्रात उलट कमी आढळली, कारण त्यांना खाणारे तेथे अधिक होते. संरक्षणाने संख्या केवळ वाढत नाही. तिचा तोल बदलतो.

संरक्षणास मर्यादाही आहेत. शेवंड हंगामानुसार सीमेपलीकडे जाते व तेथे पकडली जाते. त्यामुळे पुढील काळात लीमधील शेवंडही घटली. स्नॅपरची पिल्ले खाड्यांतील सागरी गवताच्या आसऱ्याने वाढतात. ते गवत गाळाखाली गेल्यास दूरच्या राखीव क्षेत्रासही त्याची झळ पोहोचते.

वर्गात हा विषय घेताना फळ्यावर केल्प, अर्चिन व स्नॅपर अशी साखळी काढावी. नंतर स्नॅपर पुसून पुढे काय घडेल, हे मुलांना विचारावे. मग शेतातील पीक, उंदीर व धामण ही साखळी मांडावी. दिसताच धामण मारणाऱ्या गावात उंदीर का वाढतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील. किनाऱ्यावरील शाळांनी मालवण येथे १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याचाही उल्लेख करावा. भक्षक हा सृष्टीचा शत्रू नसून तिचा राखणदार आहे, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.