आत्याचा कॅन्सरही हिशेबात धरा

‘‘पोरीला कसली भीती? तिच्या आईकडं कोणालाच नाही. झाला तो आत्याला.’’ वाशिम असो, रिसोड असो की मानोरा, स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतंच. बायकांचा आजार, म्हणजे तो आईकडूनच येणार, अशी समजूत. ती साफ चूक आहे आणि जिवावर बेतणारी आहे.

आनुवंशिक स्तन व अंडाशयाच्या कॅन्सरमागे बहुतेकदा बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातला बिघाड असतो. पहिलं सतराव्या गुणसूत्रावर, दुसरं तेराव्या. मुलगा की मुलगी, हे या गुणसूत्रांवर ठरत नाही. प्रत्येकाकडे त्यांची जोडी असते, एक आईचं, एक वडिलांचं. बिघाड वडिलांकडे असला तरी तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के, आईकडे असला तरी ५० टक्केच.

मग फसगत कुठे होते? वडील ठणठणीत असतात. पुरुषाला अंडाशय नाही, स्तनाचा कॅन्सरही क्वचित होतो. जनुक सल्लागार घराण्याचा तक्ता काढतात: बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार झालेल्याचं चिन्ह काळं. आजीचा गोल काळा, आत्याचा काळा, शेजारी वडिलांचा चौकोन कोरा. त्या कोऱ्या चौकोनाखालच्या मुलीला कोणी काही विचारत नाही! उद्या तिला झाला की म्हणतात, ‘एक पिढी सोडून आला’. बिघाड पिढी सोडत नाही. तो वडिलांमध्ये होताच, दिसला नाही इतकंच.

‘बिघाड आहे म्हणजे कॅन्सर होणारच’ हेही खरं नाही. अशा सुमारे दहा हजार स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९. अंडाशयाची अनुक्रमे ४४ आणि १७. धोका मोठा आहे, पण वेळीच कळला तर लवकर तपासण्या सुरू करता येतात, शस्त्रक्रियेने तो बराच कमीही करता येतो.

‘घरात कोणालाच नाही, मला कशाला होईल?’ स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी आनुवंशिक असतात जेमतेम ५ ते १०, म्हणजे घरात कोणाला नसलं तरी तो होऊ शकतो.

‘पुरुषांना काय त्याचं?’ बीआरसीए-२ मधल्या बिघाडाने प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आणि हा आजार शिवाशिवीने पसरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

मुलीचं लग्न अडेल म्हणून आत्याचा अंडाशयाचा कॅन्सर ‘पोटाचा आजार’ म्हणून दडवला जातो, याचा मात्र संताप येतो. सोयरिकीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, डॉक्टरांपासून लपवू नका. अकोल्याला किंवा नागपूरला तपासणीला जाल तेव्हा आई-वडील दोन्हींकडच्या आजी, मावश्या, आत्या, चुलतबहिणी, कोणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला, हे लिहून न्या. जनुक चाचणी रक्तावर होते, आणि शक्य असेल तर आधी आजार झालेल्या व्यक्तीचीच करतात. म्हणून आत्या हयात असेल तर तिलाही सोबत न्या.