'दिन' आणि 'दीन' कळतो, मग 'शिप' आणि 'शीप' का नाही?

शहापूर-मुरबाड भागातल्या वर्गांत आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. मूल इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचते. 'शिप' म्हणजे जहाज. ते 'शीप' वाचते आणि समुद्रात मेंढी तरंगू लागते! वर्ग हसतो. पोट भरले हे सांगताना 'आय ॲम फुल'चे 'आय ॲम फूल' होते, म्हणजे 'मी मूर्ख आहे'. पुन्हा हशा. दुसऱ्या दिवसापासून ते मूल हातच वर करत नाही. खरे नुकसान इथे होते.

ही चूक बुद्धीची नाही, सवयीची आहे. पीठ, खीर, चूल, मूल या मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो. इंग्रजीतल्या 'टिकिट'चेही आपण 'तिकीट' केले. उर्दूत 'पुल', तर मराठीत 'पूल'. त्याच ओढीने 'शिप'ची 'शीप' होते.

पण आपल्या मुलांच्या कानाला हा फरक नवा नाही. 'ईद का दिन' म्हणताना 'दि' आखूड असतो, 'दीन-ओ-दुनिया' म्हणताना 'दी' लांबतो. एक म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे धर्म. मकतबमध्येही मूल हेच शिकते: नुसता जेर एका मात्रेचा, त्यापुढे साकिन 'ये' आली की दोन मात्रांचा. पेश आणि 'वाव'चेही तसेच. लांबी बदलली की अर्थ बदलू शकतो, म्हणून उस्ताद तिथल्या तिथे दुरुस्त करतात. तोच कान इंग्रजीकडे वळवायचा आहे.

रात्री जेवणानंतर पाच मिनिटे द्या. फिल (भरणे) आणि फील (वाटणे), लिव्ह (राहणे) आणि लीव्ह (सोडणे), फुल आणि फूल. तुम्ही शब्द म्हणा. मुलाने ऱ्हस्वाला एक बोट दाखवावे, दीर्घाला दोन. मग अदलाबदल करा. इंग्रजी न शिकलेल्या अम्मीलाही हे सहज जमते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फरक केवळ लांबीचा नाही: दीर्घ 'ई'ला ओठ हसल्यासारखे ताणले जातात, ऱ्हस्व 'इ'ला सैल राहतात. आणि स्पेलिंगवर भरवसा नको. दोन 'ओ' 'मून'मध्ये दीर्घ, तर 'बुक'मध्ये ऱ्हस्व.

आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या लहान वयात धरलेली भीती लवकर जात नाही. म्हणून मूल चुकले तर हसू नका. एवढेच विचारा, "बेटा, दिन की दीन?" ते स्वतःच सुधारून वाचेल.