दोनाचे पाच

पिंपळगाव रेणुकाईला माणूस जातो तो मिरचीसाठी. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात आसपासच्या खेड्यांतून आणि पलीकडच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही माल इथं उतरतो, ट्रक भरतात आणि परराज्यांत निघून जातात. मीही भावाच्या आणि आडतीच्या गोष्टी ऐकायलाच गेले होते. तिथं दोन हमालांचं बोलणं कानावर पडलं. ट्रकखाली येऊन पाय मोडलेलं एक कुत्रं भिंतीशी पडलं होतं. एक म्हणाला, "सिस्टरबाईला फोन लाव." दुसऱ्यानं विचारलं, कोणती सिस्टरबाई? "आरं ती न्हाई का, मांजराला शुगरची सुई देती ती." दोघंही हसले, पण फोन लावला.

मिरचीचा लेख राहून गेला.

सिस्टरबाई म्हणजे निवृत्त आरोग्यसेविका. उभी नोकरी उपकेंद्रांवर गेली; १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा त्या डोस घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरत होत्या. लेखात नाव घालायचं नाही ही त्यांची पहिली अट. "नाव छापलं की लोक रात्रीतून दाराला कुत्री बांधून जातेत," त्या म्हणाल्या. घर साधं आहे. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड. पुढं मधुमेह झालेली दोन मांजरं आणि मधुमेह झालेले यजमान, मागं चार-पाच कुत्री, ज्यांना बरं करून पुढं पाठवायचं असतं. कुत्री बदलत राहतात. मांजरं आणि यजमान कायम.

घरातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे फ्रिजचं दार. यजमानांचं इन्सुलिन बाटलीतलं आहे, एका मिलिलिटरला ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. मांजरांचं इन्सुलिन ग्लार्जिन, एका मिलिलिटरला १०० युनिट. त्याची सिरिंज केशरी टोपणाची. माणसासाठीच बनलेलं औषध, पण मांजरांना चांगलं मानवतं म्हणून जगभर वापरतात. आता घाईत, अर्धवट झोपेत, मांजराचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि दोनाच्या रेघेवर थांबलं, तर आत दोन नाही, पाच युनिट जातात. चार-साडेचार किलोच्या जिवाला पाच. "दोनाचे चार झाले की वरात निघती," सिस्टरबाई म्हणाल्या, "दोनाचे पाच झाले की खड्डा खणायचा." म्हणून लाल सिरिंज यजमानांच्या उशाशी पत्र्याच्या डब्यात, केशरी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. डब्यांची अदलाबदल केली म्हणून त्यांनी एकदा नातवाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. तो सुट्टीला येतो तेव्हा आता फळीकडे बघतही नाही.

वीज हा आणखी एक वैरी. इन्सुलिनला २ ते ८ अंशांची थंडी लागते. पण बर्फाला टेकलं आणि गोठलं, तर ते उन्हात राहण्याहूनही वाईट, कारण वरून काही कळत नाही. यात मात्र सिस्टरबाईंना कुणी शिकवायची गरज नाही. लसीच्या निळ्या डब्यात चार आइसपॅक घालून त्या आयुष्यभर हिंडल्या. तसाच डबा त्यांनी घरी ठेवला आहे. दिवे गेले आणि लवकर येण्याची चिन्हं नसली की आइसपॅक बाहेर काढतात, त्यांना घाम सुटेपर्यंत थांबतात, आत पाण्याचा आवाज येतो का ते कानाशी हलवून बघतात, मग डबा भरतात. मला वाटलं होतं, मांजराच्या दुखण्याचं शहरी खूळ खेड्यात टिकणार नाही. इथं उलटं दिसलं. शहरातल्या किती घरांत बर्फ कानाशी धरून ऐकणारं माणूस असेल?

मांजरं मात्र शहरातलीच. खेड्यातलं मांजर उंदरांमागं पळतं, रोडच राहतं. त्याला हा आजार होण्याइतकं आयुष्य आणि चरबी सहसा मिळत नाही. भाऊसाहेब हा बोका पुण्यात लेकीच्या फ्लॅटमध्ये वाढला. नसबंदी झालेला, खिडकीशी बसून कोरडं खाणं खाणारा, तेव्हा सात किलोंचा. अशा बोक्यांनाच हा आजार जास्त गाठतो. लेकीची नोकरी पाळ्यांची, आणि सुई दर बारा तासांनी हवी. चिमी छत्रपती संभाजीनगरातून आली. तिच्या तोंडात सूज यायची, त्यावर वरचेवर स्टिरॉइड दिलं गेलं आणि साखर चढली. तिच्या माणसांनी सुईपेक्षा 'झोपवण्याचा' पर्याय निवडला होता. तिथल्या डॉक्टरांनी आधी सिस्टरबाईंना फोन केला. बोक्याचा डोसही तेच फोनवरून ठरवतात.

भाऊसाहेब आला तेव्हा त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा गोडसर, उग्र वास होता. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणाऱ्या ॲसिटोनचा तो वास. ही धोक्याची घंटा असते. मागचे पाय असे पडले होते की पंजांऐवजी टाचा टेकून चालायचा. मी तो वास प्रत्यक्ष घेतलेला नाही. तरी घरात शिरताना, बाजारातल्या मिरचीचा ठसका नाकात असतानाही, मी तो शोधत असे. सिस्टरबाई रोज शोधतात. पहाटे बोक्याचं तोंड दोन बोटांनी उघडून त्या वाकून हुंगतात. आधी नाक, मग मशीन.

मशीन माणसांचंच, ग्लुकोमीटर. कोमट फडक्यानं कान शेकायचा, कडेला व्हॅसलीनचं बोट लावायचं म्हणजे थेंब पसरत नाही, मग टोचायचं. पट्टी थेंबाला लावली की आकडा येतो. ही मशीन मांजराच्या रक्तात थोडा कमी आकडा दाखवते, हे धरूनच हिशेब करायचा. दवाखान्यात नेऊन मोजण्यात अर्थ नसतो, कारण नुसत्या भीतीनं निरोगी मांजराची साखरही तीनशेच्या घरात जाऊ शकते. घरात, ओळखीच्या मांडीवर घेतलेला आकडाच खरा. मी पाहिलं त्या सकाळी २१२ आला. बोक्याला खायला दिलं, त्यानं ताटली साफ केली याची खात्री केली, मानेमागची कातडी चिमटीत उचलली आणि दोन युनिट. बोक्याला पत्ताही लागला नाही. वही उघडली. लसीकरणाच्या रजिस्टरसारखे हातानं आखलेले रकाने: तारीख, आकडा, खाल्लं का, किती युनिट, शेरा. शेऱ्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'शेजारी दूध प्याला.'

दूध-भाकरी हे गावानं मांजराला द्यायचं पुण्य. दुधात साखर, भाकरीत पिष्ट. मांजर जात्याच मांसाहारी, भाकरी पचवायला तिचं शरीर घडलेलंच नाही. म्हणून इथं उकडलेलं चिकन, अंडं आणि कोंबडीची हृदयं. टॉरिन नावाचा एक घटक मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही. तो कमी पडला की डोळे जातात, काळीज थकतं. हृदयात तो भरपूर असतो. चिकनच्या दुकानातला पोरगा सिस्टरबाईंना लांबून पाहिलं की ओरडतो, "बाई, दिल ठेवलेत तुमचे!" आणि गिऱ्हाइकं हसतात.

चिमीची सुई सुटली आहे. लवकर आणि नेमकं इन्सुलिन मिळालं, खाणं बदललं, तर काही मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. कुत्र्यांचं तसं सहसा होत नाही, त्यांना सुई जन्माची. गंमत अशी की हे औषध जगाला मिळालं ते कुत्र्यांमुळं. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा आजाराचं मूळ कुठं आहे ते कळलं. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच इन्सुलिन सिद्ध केलं. त्या कुत्र्यांपैकी कुणाला विचारलं नव्हतं. मी हे सगळं सिस्टरबाईंना उत्साहानं सांगितलं. त्या शेडकडे बघत म्हणाल्या, "मग देणं लागतोच की आपण." आणि फिनेलची बादली उचलून गेल्या.

शेडमधलं काम अंगमेहनतीचं. धुणं, औषधं, गोचिडी काढणं, पुन्हा धुणं. खरजेच्या कुत्र्यावर गावात कुणीतरी जळकं ऑइल ओतलेलं असतं. आधी ते उतरवायचं, मग खरजेचं औषध वजन करून. वजनाशिवाय काहीच नाही. धान्याच्या काट्यावर पोतं अंथरून कुत्रं उभं करतात.

माझं लक्ष मात्र सारखं एकाच कुत्रीकडे जायचं. तिला तांबडी म्हणतात. शेताच्या कुंपणाची तार गळ्यात अडकली, कुत्री वाढत गेली आणि तार मांसात रुतली. त्यात अळ्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भूल देऊन तार काढली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि आल्याआल्या कुणीतरी तिच्यापुढं भाकरीची चळत ठेवली. सिस्टरबाईंनी ती उचलून घेतली. बघणाऱ्यांना हे निर्दयपणाचं वाटलं. पण दिवसेंदिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की त्याचं स्वतःचंच इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढून घेतं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर जेवून अशीच दगावली. बोक्याला जे कमी पडतं तेच इथं एकाएकी जास्त होतं. म्हणून तांबडीला पहिले दिवस वाटीनं. थोडं, पुन्हा थोडं. "हितं बी दोनाचे पाचच हैत," सिस्टरबाई म्हणाल्या.

तांबडी बाजेखालून बाहेर येत नव्हती. सिस्टरबाई तिला बोलवत नाहीत, चुचकारत नाहीत. तिच्याकडे पाठ करून बसतात आणि मेथी निवडतात. पाठीमागं बाजेखालून आधी नाक येतं, मग एक पंजा. त्या वळत नाहीत. मी वळले, तर पंजा आत गेला. प्राणीप्रेमावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यांत पाठ फिरवून बसण्याचा उल्लेख कुणी केला नव्हता.

बऱ्या झालेल्या सगळ्याच कुत्र्यांना घरं मिळत नाहीत. ज्यांना मिळतात ती शहराकडे जातात. बाकीची नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर जिथून आणली तिथंच परत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियमही तेच सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात मोकाट कुत्री १२ लाखांहून जास्त भरली. एका पत्र्याच्या शेडनं त्यात काय होणार, हा प्रश्न मी विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, प्रश्नच फालतू असल्यासारखं पाहिलं. कुत्र्यांबद्दल त्या हळव्या मुळीच नाहीत. चावलेल्या पोरांना त्यांनी नोकरीत सुया दिल्या आहेत. शून्य, तीन, सात, अठ्ठावीस हे दिवस त्यांना पाढ्यासारखे पाठ आहेत. चावरं कुत्रं वेगळ्या जाळीत असतं आणि त्या जाळीला कुलूप.

शेजारणीचा राग मला खरा वाटला. मजुरीवरून आलेली, भिंतीला टेकून उभी. "मह्या सासूला बी शुगर हाय," ती म्हणाली. "आम्ही सकाळी सातला वावरात जातो. तिला सुई कोन देतं? अन् हितं बोक्याला घड्याळ लावून." यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्राण्यांवर खर्च करणाऱ्या कुणाकडेही असेल असं वाटत नाही. सिस्टरबाईंनी वाद घातला नाही. म्हाताऱ्या सासूबाईंची बाटली कोणती आणि सिरिंज कोणत्या टोपणाची, एवढंच विचारलं. शेजारीण म्हणाली, मेडिकलवाल्यानं दिली ती, रंग कोण बघतं. तेव्हा सिस्टरबाई चपला घालून तिच्याबरोबर गेल्या. सिरिंज केशरी निघाली, बाटली चाळीसची. म्हणजे म्हातारीला वीस युनिट सांगितलेली असताना आठच जात होती. इथं चूक उलट्या बाजूची, उपाशी ठेवणारी. आता वहीत तिचाही रकाना आहे, बोक्याच्या खालोखाल. त्यावरून शेजारणीचा राग गेला असं नाही. बोक्याच्या खाली का लिहिलं म्हणून ती परवा पुन्हा बोलली. सिस्टरबाई म्हणाल्या, बोका सहाला, म्हातारी सव्वासहाला, वेळेप्रमाणं लिहिलंय.

मी निघायच्या संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. एका शेतवस्तीवरून. विहिरीजवळ कुत्रं सापडलंय, हाडांचा सापळा नुसता, काय करावं. सिस्टरबाई स्टिलच्या वाटीत चिकन मोजत होत्या. फोन खांद्यावर धरून म्हणाल्या, "पाणी पितंय का? मग पाणी ठेवा. भाकरी टाकू नका. न्हाई, दूध बी नको, काहीच टाकू नका. येते मी. आत्ता न्हाई, साडेसहाला, सुया झाल्यावर."