हिरवं, पिवळं, लाल

परिषदांच्या पडद्यामागे : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण आलेल्या प्रस्तावांतून व्याख्यानं कशी निवडतात ते पाहिलं. निवडलेलं व्याख्यान रंगलं की फसलं, हे मग आयोजकांना कळतं कसं? टाळ्यांवर विसंबून चालत नाही. त्या सगळ्यांनाच पडतात. रटाळ वक्त्याला तर सुटकेच्या आनंदात जरा जास्तच.

नॉर्वेत ओस्लोला भरणाऱ्या 'एनडीसी' या सॉफ्टवेअर परिषदेने यावर सोपा तोडगा वापरला. सभागृहाच्या दाराशी हिरवी, पिवळी नि लाल कार्डं आणि शेजारी एक खोका. बाहेर पडताना आवडलं तर हिरवं, ठीकठाक वाटलं तर पिवळं, नाहीच आवडलं तर लाल कार्ड टाकायचं. लंडनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या 'क्यूकॉन'नेही हेच तीन रंग वापरले.

खुबी आहे ती वेगात. व्याख्यान संपलं की प्रत्येकाला चहा गाठायचा असतो, पुढच्या सभागृहात जागा धरायची असते. दहा प्रश्नांचा फॉर्म संध्याकाळी ईमेलने पाठवला, तर तो भरतात मुख्यतः भारावलेले आणि भडकलेले. कार्डाला एक क्षण पुरतो, त्यामुळे मधले लोकही मत देऊन जातात.

पण लाल कार्ड कारण सांगत नाही. विषय डोक्यावरून गेला, की आधीच पाठ होता? की पडद्यावरचा कोड इतका बारीक होता की मागच्या रांगांना मुंग्याच दिसल्या? शिवाय दोनशे जणांच्या सभागृहात वीसच कार्डं पडली, तर 'नव्वद टक्के हिरवी' म्हणजे माणसं अठरा. नुसत्या टक्केवारीवर माझा म्हणूनच भरवसा नाही.

हिरव्या कार्डाचीही गंमत आहे. अमेरिकेत १९७० साली संशोधकांनी 'डॉ. फॉक्स' या नावाने एका नटाला व्याख्यानाला उभं केलं. विषय होता गणिती गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, निरर्थक शब्द आणि पेरलेले विनोद, एवढ्या भांडवलावर त्याने वेळ मारून नेली. समोर मानसोपचारतज्ज्ञांसारखी जाणती मंडळी होती, तरी बहुतेकांनी अभिप्राय चांगलाच दिला. सॉफ्टवेअरच्या परिषदेतही चार मीम आणि चटपटीत डेमो असला की कार्डं हिरवी पडतात. श्रोता काही शिकला का, हे त्यावरून ठरत नाही.

माझ्या मते लाल कार्डांचं मोठं कारण असतं जाहिरात आणि माल यांतली तफावत. कार्यक्रमपत्रिकेत 'अनुभवींसाठी' असं छापायचं आणि निम्मा वेळ कंटेनर म्हणजे काय हे समजावण्यात घालवायचा. नमनालाच घडाभर तेल! इथे वक्त्याइतकाच दोष मजकूर न तपासणाऱ्या निवड समितीचा.

वक्त्याला खरा उपयोग होतो तो लिहिलेल्या एका ओळीचा. 'छान होतं' यातून हाती काही लागत नाही. 'डेमोत इंटरनेट अडकलं, दहा मिनिटं गेली आणि शेवटचा भाग उरकलात' असं कुणी लिहिलं, तर पुढच्या वेळी वक्ता डेमोचं रेकॉर्डिंग जवळ ठेवतो.

तेव्हा कार्ड टाकण्याआधी मागे एवढंच लिहा : तुमचं लक्ष कुठे उडालं, आणि का. पुढच्या आठवड्यात प्रश्नोत्तरांच्या वेळेबद्दल.