पदवी देते कोण, शिकवते कोण?

उन्हाळा लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाला वा मुलीला कोणत्या महाविद्यालयात घालावे? इमारत, वसतिगृह, फी यांची कसून चौकशी होते. परंतु शिकवणार कोण, परीक्षा घेणार कोण आणि पदवी देणार कोण, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही तिन्ही कामे एकाच संस्थेची, अशी आपली समजूत असते. आपल्या देशात ती बहुधा निरनिराळ्या हातांत आहेत. आणि हा भेद ध्यानात घेतल्यावाचून उच्च शिक्षणाची घडी उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

या घडीचे मूळ १८५७ सालात आहे. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे हे त्यांचे काम नव्हतेच. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे यास कायद्याने वाव मिळाला तो १९०४ साली. पुढे त्यांचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. तरी पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतात.

या वाटणीचा लाभ नाकारता येणार नाही. तालुक्याच्या गावी शिकलेल्या मुलीच्या हाती शहरातल्या मुलीसारखीच पदवी पडते, ती यामुळेच. पण तिची दुसरीही बाजू आहे. जो शिकवतो त्याला अभ्यासक्रम ठरवता येत नाही. आणि जो उत्तरपत्रिका तपासतो त्याने विद्यार्थ्याचे तोंडही पाहिलेले नसते. वर्षभर वर्गात बसलेला जिज्ञासू मुलगा शेवटी एक बैठक क्रमांक होऊन उरतो.

हे सांधण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९७८ पासून काही महाविद्यालयांस स्वायत्तता मिळू लागली. अशा ठिकाणी अभ्यासक्रम व परीक्षा महाविद्यालयाची असते, पदवी मात्र विद्यापीठाचीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्याने मोडीत काढावी असे म्हटले आहे.

याच धोरणाला धरून २०२१ साली श्रेयांकांची पेढी सुरू झाली. पेढी म्हटले तरी तिथे पैसा नसतो. अमुक तास अभ्यास करून विषय पुरा केला की त्याचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी व चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशा या पायऱ्या आहेत. घरच्या अडचणीने शिक्षण सुटले तर ठरलेल्या मुदतीत परत येऊन पुढची पायरी चढण्याची सोय त्यात योजलेली आहे. केलेल्या कष्टांची नोंद विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर राहते, यातच या योजनेचे मर्म आहे. परंतु खाते काही शिकवीत नाही. वर्गात शिक्षक नसेल, ग्रंथालयाला कुलूप असेल, तर जमा झालेले श्रेयांक हे कागदी धनच ठरेल.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी वरील तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पदवी देणारे विद्यापीठ संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले आहे का, की त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, हे पाहावे. इतरांस पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने सहसा दिलेला नाही. महाविद्यालय संलग्न आहे की स्वायत्त, हेही विचारावे. आणि शेवटी, मुलांना ज्या विषयात गोडी आहे तो शिकवण्यास कायम नेमलेले शिक्षक किती, याचा आकडा मागावा. पदवी कायद्याने मिळते, पण विद्या शिक्षकाकडूनच मिळते. तो आकडा सांगताना जे महाविद्यालय अडखळेल, तेथे मुलांस घालण्यापूर्वी पालकांनी दोनदा विचार करावा.