माहे : सीमारेषांतून वाचावयाचे एक किनारी नगर

भारतातील फ्रेंच वसाहतींचा विषय निघाला की बहुधा पुदुच्चेरीचे नाव पुढे येते आणि तेथेच थांबते. शुभ्र-पिवळ्या भिंती, सरळ आखलेले रस्ते व समुद्रकाठचा फेरफटका एवढ्यावर फ्रेंच वारशाची कल्पना पूर्ण होते. मलबार किनाऱ्यावरील माहे हे नगर या कल्पनेत बसत नाही. तेथे प्रेक्षणीय वास्तू मोजक्याच आहेत. मात्र वसाहतवाद ओसरून गेल्यानंतर मागे काय उरते, याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास माहे पुदुच्चेरीहून अधिक शिकवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माहेचे क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४१,८१६ होती. उत्तरेस कण्णूर व दक्षिणेस कोळिकोड असे केरळचे जिल्हे, पश्चिमेस अरबी समुद्र आणि प्रशासन मात्र पूर्व किनाऱ्यावरील, सहाशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या पुदुच्चेरीचे. हा ९ चौरस किलोमीटरचा मुलूखही सलग नाही. मुख्य नगर मय्यळी नदीच्या दक्षिणेस आहे. पल्लूर, चालक्करा, चेंब्रा व पंडक्कल ही गावे नदीपलीकडे, आणि मधूनमधून केरळची हद्द घुसलेली. माहे नावाचे रेल्वेस्थानकदेखील केरळच्या हद्दीतील अळियूर येथे आहे. त्यामुळे गाडीतून उतरणारा प्रवासी माहेत नव्हे, माहेच्या उंबरठ्यावर उतरतो.

ही विचित्र रचना समजून घ्यावयाची तर मिऱ्यांच्या व्यापाराकडे वळावे लागते. माहेच्या उत्तरेस आठ-नऊ किलोमीटरवर तलश्शेरी आहे. तेथे इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी किल्ला उभारून मिऱ्यांच्या खरेदीवर पकड बसविली होती. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १७२१ मध्ये वडकराच्या स्थानिक सत्ताधीशाशी करार करून मय्यळीच्या मुखाशी वखारीची जागा मिळविली, ती या पकडीला उत्तर म्हणूनच. संबंध लवकरच बिघडले व १७२५ मध्ये फ्रेंचांनी हे ठाणे बळाने परत घेतले. त्या मोहिमेत माहे द ला बूर्दोने हा तरुण अधिकारी होता. पुढे तो मॉरिशसचा गव्हर्नर झाला आणि १७४६ मध्ये त्याने मद्रास जिंकले. गावाला त्याचे नाव मिळाले, की ‘मय्यळी’चा फ्रेंच उच्चार ‘माहे’ झाला, याविषयी दुमत आहे. सेशेल्समधील माहे बेटाचे नाव मात्र निश्चितपणे त्याच्यावरून पडले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला माहे सर्वस्वी परके नाही. १७७७ मध्ये सँ-ल्यूबँ हा फ्रेंच प्रतिनिधी पुण्याच्या दरबारी आला तेव्हा इंग्रज किती अस्वस्थ झाले होते, हे सुपरिचित आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, मार्च १७७९ मध्ये, इंग्रजांनी माहे जिंकून घेतले. हैदर अलीस फ्रेंचांकडून येणारी युद्धसामग्री याच बंदरातून मिळत असे. माहेला हात लावू नये, असे त्याने इंग्रजांना बजावलेही होते. ती सूचना धुडकावली गेली आणि नाना फडणिसांनी जुळवीत आणलेल्या इंग्रजविरोधी आघाडीत हैदर सामील झाला. त्यातून १७८० चे दुसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध उद्भवले. वडगावानंतरच्या राजकारणाचे विवेचन करताना आपल्या पाठ्यपुस्तकांतून हा मलबारी दुवा सहसा निसटतो. अठराव्या शतकात माहे इंग्रजांनी तीनदा घेतले. फ्रान्सकडे ते कायमचे परतले ते नेपोलियनच्या पराभवानंतर, १८१७ मध्ये. तोवर त्याचे लष्करी व व्यापारी महत्त्व संपलेले होते. पुढील सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे गाव केवळ एक ध्वज राखून होते.

त्या काळाच्या खुणा नदीमुखाजवळ एकवटलेल्या आढळतात. पूर्वीच्या फ्रेंच प्रशासकाचे निवासस्थान आज शासकीय निवास म्हणून वापरात आहे. लगतच्या टागोर उद्यानात मारियानचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाच्या प्रतीकभूत स्त्रीचा पुतळा आहे. १७८९ च्या क्रांतीचे स्मरण म्हणून तो उभारण्यात आला. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ यांचे प्रतीक वसाहतीतील प्रजेसमोर उभे करण्यातला विरोधाभास निराळा सांगावयास नको. मुख्य रस्त्यावरील सेंट तेरेसा चर्चची स्थापना १७३६ ची असून २०२३ च्या अखेरीस त्यास बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. ऑक्टोबरमधील तेथील उत्सवास सर्व धर्मांचे लोक येतात. हे चर्च फ्रेंच काळातील असले तरी तेथील भक्ती पूर्णतः मलबारी आहे, हे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानी येते.

वास्तूंपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथील स्वातंत्र्यलढा, आणि दुर्दैवाने पर्यटनविषयक लेखनात तिला फारशी जागा मिळत नाही. ऑक्टोबर १९४८ मधील निवडणुकीच्या वेळी मतदारांच्या ओळखपत्रांवरून असंतोष उसळला. आय. के. कुमारन मास्तर यांच्या नेतृत्वाखालील महाजन सभेच्या कार्यकर्त्यांनी व नागरिकांनी प्रशासन ताब्यात घेऊन तिरंगा फडकविला. काही दिवसांतच फ्रेंच युद्धनौका आली आणि हे लोकराज्य संपले. नेत्यांना सीमा ओलांडून स्वतंत्र भारतात आश्रय घ्यावा लागला. स्वतःच्या गावापासून काही पावलांवर, पण परदेशात, अशी त्यांची अवस्था होती. एप्रिल १९५४ मध्ये चेरुकल्लायी येथे दोन कार्यकर्ते मारले गेले. १४ जुलैला, म्हणजे नेमक्या फ्रेंच राष्ट्रीय दिनी, मोठा मोर्चा माहेत शिरला आणि १६ जुलै १९५४ रोजी फ्रेंच प्रशासकाने सत्ता सोडली. पुदुच्चेरीसंबंधीचा किळूर येथील कौल (१७८ पैकी १७० मते विलीनीकरणाच्या बाजूने) त्यानंतर तीन महिन्यांनी झाला.

सत्तांतराचा कायदेशीर प्रवास रेंगाळला. हस्तांतरणाच्या करारावर १९५६ मध्ये सह्या झाल्या, पण तो अमलात आला १६ ऑगस्ट १९६२ रोजी. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता लष्करी कारवाईने संपल्याला तोवर आठ महिने होऊन गेले होते. गोवा व माहे यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरावी. गोव्यात भूप्रदेशाची सलगता व लोकसंख्या यांमुळे पुढे स्वतंत्र राज्य घडले. माहेला मात्र कराराने वसाहतीची जुनी चौकट तशीच बहाल केली. लोकेच्छा जाणून घेतल्याशिवाय या प्रदेशांच्या घटनात्मक दर्जात बदल करावयाचा नाही, असे करारात नमूद होते. परिणामी मलयाळम बोलणारे, केरळच्या बाजारपेठेत वावरणारे गाव पुदुच्चेरीच्या विधानसभेत एक आमदार पाठविते. येथील पोलिसांच्या डोक्यावर लाल फ्रेंच टोपी असते. करार अमलात आल्यावर सहा महिन्यांच्या मुदतीत लेखी निवेदनाद्वारे ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले, त्यांचे काही वंशज फ्रान्सच्या निवडणुकांत मतदान करतात.

याच चौकटीतून येथील अर्थव्यवस्थाही उपजली आहे. करांचे दर केरळहून कमी असल्याने मद्य व इंधन येथे स्वस्त मिळते. शेजारच्या जिल्ह्यांतील अनेकांना माहेची ओळख केवळ मद्याच्या दुकानांमुळे आहे. ही ओळख स्थानिकांना बोचते. एम. मुकुंदन यांच्या ‘मय्यळिप्पुळयुडे तीरङ्ङळिल्’ (१९७४) या कादंबरीने गावाला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. १९८९ च्या ‘दैवत्तिन्टे विकृतिकळ्’मध्ये त्यांनी फ्रेंच गेल्यानंतरची पोकळी चित्रित केली. मुकुंदन माहेचेच. फ्रेंच साहेबाविषयी जिव्हाळा बाळगणारी जुनी पिढी आणि त्याला घालवू पाहणारी तरुण पिढी एकाच घरात राहत होत्या, ही गोष्ट त्यांच्या लेखनातून जितकी उमगते, तितकी दप्तरखान्यातील कागदांतून उमगणे कठीण. जिव्हाळा बाळगणाऱ्यांना निव्वळ परधार्जिणे ठरविणे अन्यायाचे होईल. नोकरी, निवृत्तिवेतन व शिक्षण यांची वाट त्या सत्तेतूनच जात होती.

विद्यार्थ्यांची अभ्याससहल नेऊ इच्छिणाऱ्या प्राध्यापकांना सोयीची गोष्ट अशी की, पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ येथूनच कन्याकुमारीकडे जातो. मार्च २०२४ मध्ये तलश्शेरी-माहे बाह्यवळण मार्ग खुला झाल्यापासून दूरची वाहने गावात शिरत नाहीत. चर्चच्या उत्सवात निवास मिळणे अवघड होते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मुक्काम तलश्शेरीस करून इंग्रजांचा किल्ला आधी पाहावा, मग दक्षिणेस नदी ओलांडून माहेत पायी प्रवेश करावा. पल्लूर-पंडक्कलकडे जाताना रस्त्यात हद्द किती वेळा बदलते, याची नोंद विद्यार्थ्यांकडून नकाशावर करून घ्यावी. या कामास एक पूर्ण सकाळ लागते.